दर महिन्याची तेवीस तारीख

संत हा शब्द उच्चारला की आपणा ख्रिस्ती लोकांच्या डोळ्यांसमोर बहुधा एक झगा उभा राहतो. तो फ्रान्सिस्कनांचा तपकिरी असेल, डोमिनिकनांचा पांढरा असेल किंवा एखाद्या धर्मभगिनीचा काळा असेल. पण झगा असतोच. आपल्या चर्चमधील वेद्यांवरचे पुतळे पाहिले तरी हेच दिसते. रक्तसाक्षी आहेत, बिशप आहेत, मठवासी आहेत, कुमारिका आहेत. ज्यांच्या घरी पाळणा हलला, ज्यांना घरभाडे, नोकरीतील बढती आणि मुलीचे आजारपण ह्यांची चिंता वाहावी लागली, असे थोडेच. मराठी माणसाला गृहस्थाश्रमी संत परका नाही. पैठणच्या एकनाथांनी संसार केला, देहूच्या तुकोबांनी वाण्याचे दुकान चालवले. ख्रिस्तसभेत मात्र प्रापंचिकाचे जीवन ही पावित्र्याची दुय्यम वाट आहे असा समज शतकानुशतके रुजून बसला होता, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरही तो पुरता गेला आहे असे म्हणवत नाही.

म्हणूनच २२ ऑगस्ट १९९७ हा दिवस मला महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी पॅरिसच्या नोत्र दाम महामंदिरात पोप जॉन पॉल दुसरे ह्यांनी एका पतीला, एका पित्याला, एका प्राध्यापकाला धन्यवादितांच्या मालिकेत बसवले. जागतिक युवा दिनाच्या निमित्ताने पॅरिसमध्ये त्या वेळी देशोदेशींचे तरुण जमले होते. हा गृहस्थ म्हणजे फ्रेडरिक ओझानाम. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या संस्थापकांपैकी एक म्हणून आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांचे नाव ऐकलेले असते. परंतु त्यांच्या घराविषयी आपण फारसे बोलत नाही. त्यांच्या कार्याची मुळे मला त्या घरातच सापडतात.

फ्रेडरिकचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरी झाला. मिलान त्या वेळी नेपोलियनच्या अंमलाखाली होते. वडील झाँ-आंत्वान हे नेपोलियनच्या सैन्यात लढलेले घोडेस्वार. पुढे ते व्यापारात पडले, त्यात बुडाले, आणि कुटुंबाचा भार खांद्यावर असताना वैद्यकाचा अभ्यास करून डॉक्टर झाले. आई मारी नांता ही लिआँच्या एका रेशीम व्यापाऱ्याची कन्या. नेपोलियनच्या पाडावानंतर हे कुटुंब लिआँला परतले. ह्या दांपत्याला चौदा मुले झाली. परंतु त्यातली बहुतेक लहानपणीच गेली. जी मोजकी जगली त्यांपैकी थोरली बहीण एलिझा हिने फ्रेडरिकला अक्षरओळख करून दिली, आणि तीही ऐन तारुण्यात, हा सात वर्षांचा असताना, मरण पावली. अखेरीस तीन भाऊ राहिले. थोरला आल्फोन्स धर्मगुरू झाला, धाकटा शार्ल डॉक्टर झाला, आणि मधला हा फ्रेडरिक.

इतक्या शवपेट्या ज्या घरातून निघाल्या ते घर आनंदी होते, हे वाचून प्रथम नवल वाटते. पण ते तसे होते. डॉक्टर ओझानाम आपल्या रोग्यांपैकी फार मोठ्या संख्येला फुकट तपासत. आई गरीब आजारी बायकांची शुश्रूषा करी. रेशीम विणणाऱ्यांचे शहर असलेल्या लिआँमधील घरे उंच, जिने अंधारे आणि गरीब माणूस सर्वांत वरच्या मजल्यावर राहणारा. दोघांचे वय झाले तेव्हा प्रत्येकाला दुसऱ्याची काळजी वाटू लागली. चौथ्या मजल्याच्या वर चढायचे नाही असे वचन त्यांनी एकमेकांकडून घेतले. आणि मग, चरित्रकार सांगतात, एके दिवशी एका गरीब रोग्याच्या दारात, चौथ्या मजल्याच्या कितीतरी वर, दोघांची अचानक गाठ पडली! दोघेही वचनभंग करताना पकडले गेले होते. ही गोष्ट ओझानामांच्या घरी हसत हसत सांगितली जात असणार ह्याबद्दल मला शंका नाही. पण तिचा उत्तरार्ध हसण्याजोगा नाही. १८३७ च्या मे महिन्यात डॉक्टर ओझानाम एका गरीब रोग्याकडे गेले असता जिन्यावरून पडले आणि त्यातच त्यांचा अंत झाला.

फ्रेडरिक स्वभावाने मुळीच आनंदी नव्हता हेही येथे नमूद केले पाहिजे. तो चिंताळू होता, आपलेच मन कोरत बसणारा होता, निर्णय घेताना दहादा मागेपुढे पाहणारा होता. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी त्याच्या श्रद्धेला हादरा बसला. आजूबाजूला धर्माची टिंगल करणे हीच विद्वत्तेची खूण मानली जात होती. त्या काळोखातून त्याला बाहेर काढले ते त्याचे तत्त्वज्ञानाचे अध्यापक फादर नुआरो ह्यांनी. गुरूने उपदेशाचे डोस पाजले नाहीत. शिष्याला लांब फेरफटक्याला घेऊन जावे आणि त्याच्या शंकांशी समान पातळीवर वाद घालावा, ही त्यांची रीत. श्रद्धा परत मिळाली तर ती सत्याच्या सेवेला वाहीन, असा नवस त्या मुलाने तेव्हा बोलला होता. तो त्याने अखेरपर्यंत फेडला.

१८३१ साली कायद्याचा अभ्यास करण्यासाठी ते पॅरिसला आले. अठरा वर्षांच्या त्या मुलाला त्या महानगरात घरची आठवण असह्य होई. सुदैवाने त्यांना एक घर मिळाले आणि तेही कोणाचे, तर विजेच्या प्रवाहाच्या एककाला ज्यांचे नाव आपण रोज देतो त्या अँपिअर ह्या शास्त्रज्ञाचे. आंद्रे-मारी अँपिअर ह्यांनी लिआँच्या ह्या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले. एकदा फ्रेडरिक मन उद्विग्न असताना सेंट एतिएन द्यु माँ ह्या चर्चमध्ये शिरले, तेव्हा एका कोपऱ्यात हातात जपमाळ घेऊन गुडघे टेकलेला एक वृद्ध त्यांना दिसला. ते अँपिअर होते. विज्ञान आणि श्रद्धा ह्यांच्या नात्यावर हजार व्याख्याने ऐकून जे साधले नसते ते त्या एका दृश्याने साधले, असे पुढे ते सांगत.

सोर्बोन विद्यापीठात तेव्हा ख्रिस्ती विद्यार्थ्याला मान खाली घालून बसावे लागे. ओझानाम आणि त्यांचे मित्र तसे बसणारे नव्हते. एमान्युएल बायी हे एक प्रौढ, कुटुंबवत्सल पत्रकार. त्यांनी तरुणांसाठी एक इतिहास-चर्चामंडळ चालवले होते. त्याला फ्रेंचमध्ये 'कॉन्फरन्स' म्हणत. तेथे श्रद्धावंत आणि नास्तिक दोघेही येत आणि वाद झडत. एके दिवशी प्रतिपक्षातील एकाने ओझानामांना अडवले. तुमच्या धर्माने पूर्वी महत्कार्ये केली हे मान्य, पण आज तुम्ही स्वतः गरिबांसाठी काय करीत आहात, असा त्याच्या बोलण्याचा रोख होता. प्रश्न झोंबला, कारण उत्तर नव्हते. आदल्याच वर्षी, १८३२ साली, पॅरिसमध्ये पटकीच्या साथीने अठरा हजारांवर माणसे मेली होती आणि सर्वाधिक माणसे गरिबांच्या वस्त्यांतच गेली होती. त्याच संध्याकाळी ओझानाम आणि त्यांचा मित्र ल तायांदिये ह्यांनी आपल्या खोलीतील उरलेली जळाऊ लाकडे उचलली आणि एका गरिबाच्या घरी नेऊन टाकली, असे सांगतात.

२३ एप्रिल १८३३ रोजी बायी ह्यांच्या वृत्तपत्राच्या कचेरीत सात जण जमले. सहा विद्यार्थी आणि सातवे बायी. ओझानामांचा तो विसावा वाढदिवस. बायी अध्यक्ष झाले. चर्चामंडळाचेच नाव पुढे चालू राहिले आणि म्हणूनच ह्या सेवासंस्थेच्या स्थानिक शाखेला आजही आपल्या धर्मग्रामांतून 'कॉन्फरन्स' असे म्हणतात. सभा-परिषदेशी काही संबंध नसलेला हा शब्द येथे कसा, असे कोडे ज्यांना पडले असेल त्यांच्यासाठी हा खुलासा. वादविवाद सोडून ही मंडळी कामाला लागली, पण नाव वादविवादाचेच राहिले. इतिहासाला अशी थट्टा आवडते.

काम करायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. बायी ह्यांनी त्यांना म्युफतार भागातील सिस्टर रोझाली रान्द्यू ह्यांच्याकडे पाठवले. ह्या धर्मभगिनीला त्या वस्तीतील प्रत्येक जिना पाठ होता. तिने त्यांना कुटुंबांची नावे दिली, पावासाठी द्यायच्या चिठ्ठ्या दिल्या, आणि मुख्य म्हणजे गरिबाच्या घरात पाऊल कसे टाकावे, किती बसावे, काय विचारू नये, हे शिकवले. २००३ साली तीही धन्यवादित म्हणून जाहीर झाली. सोसायटीचा इतिहास सांगताना सात पुरुषांची नावे घेतली जातात आणि ह्या बाईंचे नाव तळटीपेत जाते, हे मला नेहमीच खटकत आले आहे. शिकवणारी नसती तर ही मुले दोन महिन्यांत परत पुस्तकांकडे वळली असती.

ओझानामांच्या वाट्याला आलेल्या पहिल्या कुटुंबाची हकिगत चरित्रांतून येते. पाच लेकरांची एक आई राबराब राबायची आणि नवरा तिची मजुरी दारूत उडवून वर मारहाण करायचा. विद्यार्थी ओझानाम चिठ्ठी देऊन परतले नाहीत. त्यांनी चौकशी केली तेव्हा ध्यानात आले की, त्या दोघांचा कायदेशीर विवाह झालेलाच नाही. कायद्याचे शिक्षण कामी आले. त्या माणसाच्या तावडीतून तिला सोडवण्याची रीतसर व्यवस्था त्यांनी केली, वर्गणी जमवून तिला धाकट्या मुलांसह ब्रिटनी प्रांतातील तिच्या माहेरी धाडले आणि दोन मोठ्या मुलांना बायी ह्यांच्या छापखान्यात काम मिळवून दिले. पावाची चिठ्ठी हे केवळ दार उघडण्याचे निमित्त. खरे काम दाराच्या आत गेल्यावर सुरू होते, ही सोसायटीची पद्धत ह्या एका उदाहरणात पुरती दिसते.

संख्या वाढू लागली. १८३४ च्या अखेरीस शंभराहून अधिक सदस्य झाले, जागा पुरेना, आणि मंडळाचे विभाजन करावे की नाही ह्यावर मोठा वाद झाला. विस्तार हवा असे ओझानामांना वाटे. जुन्या मित्रांना ताटातुटीची कल्पना सोसवेना. वर्षाच्या शेवटच्या रात्री ही सभा इतकी तापली की बायी ह्यांना ती आवरती घ्यावी लागली, आणि नववर्षाच्या शुभेच्छा देत, एकमेकांना मिठ्या मारीत मंडळी पांगली. पुढे विभाजन झालेच. १८३५ मध्ये नीम शहरी शाखा निघाली, १८४४ मध्ये डब्लिन आणि लंडन, १८४५ मध्ये अमेरिकेतील सेंट लुईस. आज सुमारे दीडशे देशांत ह्या संस्थेचे काम चालते.

इतके सारे घडत असताना ओझानाम मात्र एका वेगळ्याच प्रश्नाने व्याकूळ होते. आपले पाचारण कोणते? वडील गेले, १८३९ च्या ऑक्टोबरात आईही गेली. फादर लाकोर्देर फ्रान्समध्ये डोमिनिकन संघाची पुनःस्थापना करण्याच्या खटपटीत होते आणि ह्या तेजस्वी तरुणाने आपल्याबरोबर यावे असे त्यांना मनापासून वाटत होते. विवाहाबद्दल ओझानामांच्या मनात एक अढीही होती. एकेक मित्र लग्न करून कामातून गळतो, हे त्यांना दिसत होते. जिन्यांवरून वरखाली करणारा तरुण बोहल्यावर चढला की संपला, असे त्यांचे मत. आपल्याकडील युवक मंडळांच्या कार्यकर्त्यांना हे मत ओळखीचे वाटेल.

हा तिढा सोडवला तो पुन्हा फादर नुआरो ह्यांनी, आणि एका दृश्याने. लिआँ विद्यापीठाचे रेक्टर सुलाक्रुआ ह्यांच्याकडे ओझानाम कामानिमित्त गेले होते. बाहेर पडताना त्यांना रेक्टरांची मुलगी आपल्या पांगळ्या भावाची शुश्रूषा करीत बसलेली दिसली. तिचे नाव अमेली. जन्मभर ज्याने गरीब रोग्यांच्या खाटांशेजारी बसणारी आई पाहिली होती, त्या तरुणाला ह्या चित्रात काय दिसले असेल हे सांगायला नको.

वाङ्निश्चय झाला आणि लगोलग एक पेच उभा राहिला. ओझानाम त्याच सुमारास साहित्याच्या स्पर्धापरीक्षेत पहिले आले होते आणि सोर्बोनमध्ये त्यांना बदली प्राध्यापकाची जागा देऊ करण्यात आली होती. ती बेभरवशाची आणि बेताच्या पगाराची. उलट लिआँमध्ये स्थिर आणि घसघशीत उत्पन्न वाट पाहत होते, आणि भावी सासऱ्यांचीही साहजिकच तीच इच्छा होती. निर्णय वीस वर्षांच्या अमेलीवर आला. तिने पॅरिसला कौल दिला. ओझानामांच्या जीवनातील एक फार मोठा निर्णय अशा रीतीने एका मुलीने, तेही लग्नाआधी, घेतला.

२३ जून १८४१ रोजी लिआँच्या सेंट निझिए चर्चमध्ये विवाह झाला. वेदीवर थोरला भाऊ आल्फोन्स होता. लाकोर्देर मात्र खट्टू झाले. पुढे नववे पायस पोप असताना घडलेला एक किस्सा सांगितला जातो. ओझानाम विवाहाच्या सापळ्यात अडकला, अशा अर्थाचे काही लाकोर्देर बोलल्याचे पोप महोदयांच्या कानी आले. त्यावर ते मिस्कीलपणे म्हणाले की, ख्रिस्ताने सात संस्कार स्थापन केले असे मी आजवर समजत होतो. लाकोर्देर सांगतात की संस्कार सहाच आहेत आणि एक सापळा आहे!

लग्नानंतरच्या पत्रांत वेगळेच ओझानाम भेटतात. स्वतःला कुरतडणारा तो चिंताळू माणूस आपल्या मित्रांना लिहितो की, असे शांत, असे निर्मळ सुख ह्या जगात असते हे मला माहीतच नव्हते. दर महिन्याच्या तेवीस तारखेला, लग्नाच्या तारखेची आठवण म्हणून, ते अमेलीला फुले देत. वर्षातून एकदा नव्हे, दर महिन्याला. लुक्झेंबर्ग उद्यानाजवळच्या त्यांच्या घरी विद्यार्थ्यांची ये-जा असे. ओझानामांच्या आईवडिलांच्या वेळची जुनी मोलकरीण ह्याही घरात कुटुंबातलीच एक होऊन राहिली. दोनदा अमेलीचा गर्भपात झाला. त्या दुःखानंतर, १८४५ च्या जुलैत, कन्येचा जन्म झाला. तिचे नाव मारी, आजीचेच नाव. पितृत्वाने ओझानाम अक्षरशः भारावून गेले. जो पवित्र आत्मा ह्या चिमुकल्या देहात राहायला येणार आहे त्याची राखण आपणाकडे सोपवली आहे, अशी त्यांची भावना होती.

मित्र संसारात पडला की सेवा सुटते, ही त्यांची भीती त्यांच्याबाबत तरी खोटी ठरली. त्याचे कारण एका लहानशा प्रसंगात दिसते. नववर्षाचा दिवस होता. ज्या कुटुंबांना ओझानाम भेटी देत, त्यांतील एकाने घरातील अखेरची चांगली वस्तू, एक खणांचे कपाट, गहाण टाकल्याचे त्यांना समजले. ते कपाट सोडवून त्या कुटुंबाला नववर्षाची भेट द्यावी असे त्यांच्या मनात आले. अमेलीने व्यवहाराच्या गोष्टी सांगून त्यांना थोपवले. दिवसभर पाहुणे आले, गेले. संध्याकाळी मारीला मिळालेली खेळणी आणि मिठाई सभोवार पसरली होती आणि ओझानाम उदास बसले होते. त्यांना मिठाईचा तुकडाही खाववेना. अमेलीने कारण विचारले आणि कळल्यावर क्षणाचाही विलंब न लावता, जा, ते कपाट सोडवून आणा, असे सांगितले. ते गेले, कपाट सोडवले, स्वतः पोहोचवले आणि हसतमुखाने घरी परतले. ह्या गोष्टीत अमेलीला आधी चुकलेली आणि मग सुधारलेली पत्नी म्हणून रंगवण्याची प्रथा आहे. मला तसे वाटत नाही. महिन्याच्या खर्चाची तोंडमिळवणी तिलाच करायची होती. तिचा नकार खरा होता, म्हणून होकारालाही किंमत आली.

ह्या सुखाने त्यांना वस्तुस्थितीकडे डोळेझाक करायला लावले नाही. लिआँमध्ये रेशीम कामगारांचे उठाव १८३१ आणि १८३४ साली झाले होते. त्याच शहरात १८३९-४० मध्ये वाणिज्य कायदा शिकवताना ओझानामांनी मजुरीचा प्रश्न काढला होता. कामगाराचे पोट, मुलांचे शिक्षण आणि म्हातारपण ह्या तिन्हींची सोय होईल इतके वेतन त्याला मिळाले पाहिजे, असा त्यांचा विचार. तेरावे लिओ ह्यांचे 'रेरुम नोव्हारुम' हे परिपत्रक १८९१ चे, म्हणजे अर्धशतक पुढचे. दानधर्म जखमेवर तेल ओततो, पण वाटमारीच होऊ नये हे पाहणे न्यायाचे काम आहे, असा फरक ते करीत. पावाच्या चिठ्ठ्यांनी दारिद्र्य हटत नाही, हा सोसायटीवरचा आक्षेप आपल्याकडेही ऐकू येतो. तो चुकीचा नाही. पण तो तिच्या संस्थापकालाही ठाऊक होता, एवढे आक्षेपकांनी ध्यानात घ्यावे.

१८४८ च्या फेब्रुवारीत त्यांनी लिहिले की, रोमन साम्राज्य कोसळताना ख्रिस्तसभा जशी रानटी म्हटल्या जाणाऱ्या टोळ्यांकडे गेली, तशी आता तिने राजेरजवाड्यांना सोडून सामान्य जनतेकडे जावे. त्याच महिन्यात क्रांती झाली. लाकोर्देर आणि फादर मारे ह्यांच्यासह त्यांनी 'एर नुव्हेल', म्हणजे 'नवे युग', ह्या नावाचे वृत्तपत्र काढले. ते सुमारे वर्षभर चालले. त्यापायी स्वतःच्याच गोटातील प्रतिष्ठितांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. आणि मग जून उजाडला. पॅरिसच्या कामगारांनी रस्तोरस्ती अडथळे उभारले. तारीख होती २३ जून, त्यांच्या विवाहाचा सातवा वाढदिवस. फुलांचे त्या दिवशी काय झाले असेल कोण जाणे! ओझानाम राष्ट्रीय रक्षक दलाच्या गणवेशात पहाऱ्यावर होते आणि घरी अमेली तीन वर्षांच्या मुलीला घेऊन तोफांचे आवाज ऐकत होती. २५ जूनला ओझानाम, कॉर्न्युदे आणि बायी हे तिघे आर्चबिशप आफ्र ह्यांच्याकडे गेले आणि दोन्ही पक्षांत मध्यस्थी करावी अशी त्यांनी विनंती केली. आर्चबिशप तात्काळ निघाले. बरोबर येऊ पाहणाऱ्या ह्या गणवेशधाऱ्यांना त्यांनी मागे ठेवले. सेंट आंत्वान भागातील अडथळ्यापाशी त्यांना गोळी लागली आणि २७ तारखेला त्यांचे निधन झाले. आपणच त्यांना तेथे धाडले, हा सल ओझानामांच्या मनातून गेला नाही.

प्रकृती आधीच ढासळत चालली होती. १८५२ मध्ये, विद्यार्थी वर्गात कोलाहल करीत आहेत असे कळताच ते आजारी अंथरुणातून उठून सोर्बोनला गेले आणि आपले अखेरचे व्याख्यान देऊन परत आले. मग हवापालटासाठी पिरेनीज, स्पेनमधील बुर्गोस आणि अखेर इटली. मूत्रपिंडाचा विकार बरा होणारा नव्हता. तरीही तस्कनीत जेथे जातील तेथे सोसायटीच्या शाखा काढण्याची त्यांची खटपट चालूच होती.

२३ एप्रिल १८५३. चाळिसावा वाढदिवस. पिसा शहरी त्यांनी एक प्रार्थना लिहिली. तिला आधार होता यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील आजारी हिज्कीया राजाच्या विलापाचा. त्या प्रार्थनेत धीरोदात्त संताचा आव नाही. मला तरुण, लाडकी पत्नी आहे, गोड मुलगी आहे, भाऊ आहेत, सासू आहे, मित्र आहेत, ग्रंथ अर्धवट पडला आहे, असा सारा हिशोब ते देवापुढे मांडतात. मग घासाघीस करतात. पुस्तके विकून तो पैसा गरिबांना दिला, मानमरातबाची हाव सोडली, उरलेले आयुष्य दीनांच्या सेवेत घालवले, तर चालेल का? पत्नीच्या सहवासात म्हातारे होण्याचे आणि मुलीचे शिक्षण पुरे करण्याचे सुख देशील का? आणि मग त्यांनाच उमगते की, देवाला त्यांच्या वस्तू नको आहेत. त्याला ते स्वतःच हवे आहेत. येतो, असे ते लिहितात. ज्याचे घर खरोखर सुखी होते, त्यालाच अशी घासाघीस सुचते. ज्याला सोडण्यासारखे काही नसते त्याचे समर्पण स्वस्त असते.

त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये ते लिव्होर्नोजवळील आंतिन्यानो ह्या समुद्रकाठच्या खेड्यात होते. चालणे जवळजवळ संपले होते. तेवीस तारीख आली. फुलांचे दुकान तेथे कोठले! समुद्रकिनाऱ्यावर उगवलेल्या मेंदीच्या जातीच्या एका रानझुडपाची डहाळी तोडून त्यांनी अमेलीच्या हाती दिली. ती अखेरची तेवीस तारीख. मायदेशी परतण्यासाठी त्यांना जहाजावर नेण्यात आले. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, पवित्र मारियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, मार्सेय येथे त्यांनी प्राण सोडला. जो सण वसई-मुंबईच्या घराघरांतून नव्या कणसांनी आणि फुलांनी साजरा होतो, तोच हा दिवस. पॅरिसच्या कार्मेल चर्चच्या तळघरात त्यांना चिरविश्रांती मिळाली.

संस्थापक नेमका कोण, ओझानाम की बायी, ह्यावर त्यांच्या पश्चात सोसायटीच्या जुन्या सदस्यांत वाद झाले. ओझानाम असते तर त्यांनी स्वतःचे नाव मागे घेतले असते. ते हयातभर 'आम्ही' असेच म्हणत आले. धन्यवादितपदासाठी जो चमत्कार मान्य झाला तो १९२६ सालचा, ब्राझीलमधील घटसर्प झालेल्या अठरा महिन्यांच्या एका बाळाचा.

अमेली त्यांच्यानंतर एकेचाळीस वर्षे जगली. १८९४ साली तिचे निधन झाले. तिने पुन्हा लग्न केले नाही. मारीला वाढवले, पतीची पत्रे मित्रांकडून मागवून गोळा केली, विस्कळीत टिपणे लावून दिली. त्यांच्या समग्र ग्रंथांची पहिली आवृत्ती १८५५ पासून प्रसिद्ध होऊ लागली. तिची प्रस्तावना लिहिली झाँ-जाक अँपिअर ह्यांनी. चोवीस वर्षांपूर्वी लिआँच्या एका एकाकी विद्यार्थ्याला ज्यांनी आपल्या घरात जागा दिली होती, त्या शास्त्रज्ञाचे ते पुत्र.